माझ्या डावीकडची खुर्ची

मी एक हेलिकॉप्टर. हसू नका! पत्र्याच्या शेडमध्ये पाती दोरीने बांधलेलं, पोटात चिमण्यांची घरटी, हे कसलं हेलिकॉप्टर, असं वाटेल तुम्हाला. पण एके काळी नाशिकच्या आभाळात माझा दरारा होता.

१९७४ साली मी पोलीस खात्यात आलो, तोही जुना होऊनच. काम पुराचं. अडकलेली माणसं शोधायची आणि उचलून आणायची. उजव्या खुर्चीत पायलटसाहेब, डावीकडे वाट दाखवणारा लहानू. घोटीकडच्या डोंगरातला गडी. जमीन मोजणीवाल्यांच्या साखळ्या ओढून ओढून त्याला ओहोळन् ओहोळ पाठ. "साहेब, त्या उंबराच्या अंगानं घ्या, तिथं खडक हाय," म्हणायचा, आणि खरंच खडक असायचा. अंगात मळका सदरा, पायात काही नाही. मला तो फार आवडायचा.

खात्याला मात्र तो खुपू लागला. पोलिसांचं यंत्र आणि बिनवर्दीचा माणूस? अठ्ठ्याहत्तरात हुकूम आला, डावीकडे वर्दीवालाच बसेल. लहानू तेलाचे डबे उचलायला लागला आणि जयराम हवालदार खुर्चीत आले. भला माणूस, पण उभा जन्म रस्त्यावर गेलेला. वरून ते मैलाचे दगड शोधायचे! "घोटीचा फाटा दिसला की डावीकडे घ्या," म्हणायचे. पुरात कसला फाटा दिसतोय?

पुढच्याच श्रावणात साळूबाई नावाची एक म्हातारी आणि तिच्या दोन सुना नदीतल्या उंचवट्यावर अडकल्या. आमची पहिली फेरी वाया गेली. जयरामदादा खाली उतरले, वर्दीचा सदरा काढला आणि लहानूच्या अंगात घातला.

"दादा, तुमची नोकरी जाईल ना."

"चढ म्हणतो ना! मला जागा सापडत नाही, बाया मरतील."

पायलटसाहेबांनी तोंड फिरवलं, जणू काही पाहिलंच नाही. अर्ध्या तासात तिघी माझ्या पोटात सुखरूप होत्या.

मग चौकशी बसली. वर्दी परक्याच्या अंगावर गेलीच कशी? मी पुरावा ठरलो आणि शेडच्या कुलपाला लाखेचं सील लागलं. "मीच बसलो होतो," एवढं जयरामदादा म्हणाले असते तर फाईल तिथेच मिटली असती. लहानूनेही त्यांचे पाय धरले. ते हटले नाहीत. "ज्यानं वाचवलं त्याचंच नाव सांगणार." खोटं कशाला बोलू, मला त्यांचा संताप आला. त्यांच्या खरेपणापायी मी कोंडलो गेलो.

लहानूला घरी पाठवलं. जयरामदादांना शिक्षा म्हणून माझ्याच दारावर पहारा दिला. चार वर्षं ते बाहेर आणि मी आत.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात लहानू ट्रकमधून उतरून धावत आला, चिखलाने माखलेला. "दादा, कुलूप तोडा! माझी बायको नवसा पाण्यात अडकलीय. झाडाला धरून हाय."

जयरामदादांच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते. त्यांनी एकदा सीलकडे पाहिलं आणि पहार उचलली.

मी आतून ओरडत होतो, नका तोडू! माझी टाकी कोरडी आहे, बॅटरी केव्हाच मेली, पायलटसाहेब बदलून गेले. पण मला तोंड कुठे? कुलूप पडलं. लहानू धावत येऊन डाव्या खुर्चीत बसला. उजवी खुर्ची रिकामी, तरी दोघेही माझ्या हलण्याची वाट बघत राहिले.

नवसाबाईचा देह तिसऱ्या दिवशी सापडला. जयरामदादांना बडतर्फ केलं. माझ्या दाराला नवं कुलूप लागलं.

आता मला सोडवू नका, माझ्यात राम उरला नाही. पण नवं यंत्र आणाल तेव्हा डावीकडे कोण बसणार, हे वर्दी बघून ठरवू नका. हवं तर लहानूला विचारून बघा. येईल की नाही, सांगवत नाही. त्या दिवशी खुर्चीतून उतरताना तो मला एक शिवीसुद्धा देऊन गेला नाही.