न कापलेली दुपार

बोलणं हेच माझं काम, पण आजवर माझ्यातून जे बाहेर आलं ते सगळं दुसऱ्यांचं. आज थोडं माझं स्वतःचं सांगतो. मी रत्नागिरीच्या राजिवड्यातल्या एका घरातला टेपरेकॉर्डर. खाडीकडच्या खोलीत, कपाटावर, जुन्या चादरीखाली बसून असतो.

माझा जन्म जपानमधल्या कारखान्यातला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते कुवेतचं दुकान आणि मला उलटसुलट करून बघणारा अहमद. माझ्यात दोन कॅसेटी बसतात आणि एकीवरचं दुसरीवर उतरवता येतं, म्हणून त्याने मला घेतलं. १९८३ साली ब्लँकेटमध्ये गुंडाळून त्याने मला घरी आणलं. सुट्टी संपल्यावर तो परत निघाला, तेव्हा माझ्यात कोरी कॅसेट घालून बायकोला, कुलसुमला, म्हणाला, "कागदावर आवाज येत नाय. यात बोला, आणि कुणी निघाला की त्याच्या हाती पाठवा."

मोहल्ल्यात तशी रीतच होती. आखातात निघालेल्या माणसाच्या सामानात कोकमं, सुके बांगडे आणि चार घरांच्या कॅसेटी असायच्याच.

घरात उरल्या दोघी, कुलसुम आणि तिची सासू रहिमा. रहिमा माझ्यासमोर फोटो काढायला बसल्यासारखी ताठ बसायची आणि मोठमोठ्याने बोलायची.

"अम्मा, ओरडू नका. मशीन जवळ हाय," कुलसुम म्हणायची.

"मशीन जवळ हाय गो. पोरगा लांब हाय ना."

माणसं माझ्यापुढे एक बोलतात आणि बटण बंद झाल्यावर वेगळीच असतात, हे मला त्या घरात कळलं. बटण चालू असताना आंबा बरा आलेला असायचा, कौलं शाकारून झालेली असायची, सगळी मजेत असायची. बटण बंद झालं की दोघी बराच वेळ गप्प बसून राहायच्या. ते गप्प बसणं मला टिपता यायचं नाही.

मग रहिमाचा खोकला सुरू झाला. आधी थोडा, पुढे वाक्याच्या मध्ये, शब्द तोडणारा. पुढे ती खाटेवरून उठेनाशी झाली. डॉक्टरने औषधं दिली आणि बाहेर येऊन कुलसुमशी हळू आवाजात बोलला. अहमदला कळवावं असं कुलसुमच्या मनात आलं, पण रहिमाने तिचा हात धरला.

"माजा घरवाला बोटीवर असताना त्याला बापाच्या आजाराचा कळला. महिनाभर धड जेवला नाय. पाण्यात माणूस काय करणार? मी आजारी हाय हा शब्द तुज्या तोंडातून जायचा नाय. माजी शप्पथ हाय तुला."

कुलसुमने शब्द पाळला, आणि जरा जास्तच पाळला. एका कॅसेटवर बोलणं घ्यायचं, मग थांबवायचं बटण दाबत दाबत दुसरीवर उतरवायचं, असं ती करू लागली. खोकला आला की बटण. रहिमा अडखळली की बटण. मागे खाडीवर कुणी हाक मारली तरी बटण. तिचा हात इतका बसला की जोड कुठे आहे हे मलासुद्धा शोधावं लागे. माझ्या पहिल्या कप्प्यात थकलेली म्हातारी असायची आणि दुसऱ्या कप्प्यातून हसरी बाहेर पडायची.

अहमदची कॅसेट आली. "अम्माचा आवाज तर पयल्यापेक्षा खणखणीत हाय. सगळी खुशीत हायत, तर मी यंदा सुट्टी घेत नाय. पुढल्या वर्षी बघू."

रहिमाने तोंड भिंतीकडे केलं. खाडीपलीकडून होडी येण्याची वेळ झाली तेव्हा तिने रोजच्यासारखं विचारलं, "होडी आली काय गो?" मागची सुट्टी संपवून मुलगा त्याच होडीने गेला होता. पुढच्या वर्षापर्यंत ती राहणार नव्हती, हे त्या खोलीत आम्हा तिघांनाही माहीत होतं.

शेजारचा हरिश्चंद्र शहरातल्या एका थिएटरात सिनेमाचं मशीन चालवायचा. अधूनमधून तो कापसाचा बोळा घेऊन माझं हेड, म्हणजे आवाज टिपणारं टोक, पुसायला यायचा. त्या दिवशी कुलसुमने त्याला सगळं सांगितलं.

तो पुसता पुसता म्हणाला, "भाबी, गेल्या आठवड्यात माझाही असाच घोळ झाला. पिक्चरमध्ये मुलगा गाव सोडतो आणि आई दारात उभी राहते. बोलत नाही, रडत नाही, गाणं नाही. नुसता कावळा ओरडतो. तेवढाच तुकडा फाटला. म्हटलं, यात आहे काय? कापला आणि जोड मारला. मुलगा निघाला की थेट शहरातला रस्ता."

"मग?"

"आदल्या खेळाला बायका पदर डोळ्याला लावत होत्या. त्या खेळाला कुणी शेंगा खायचं थांबलं नाही. वर गंमत अशी की पट्टीवर आवाज चित्राच्या जरा पुढे छापलेला असतो. आई गेली, पण तिच्या दाराचा कावळा आधीच्या तुकड्यावर मागे राहिला. तो शहरातल्या मोटारीवर ओरडला. लोक हसले."

"दुसरा तुकडा मिळाला?"

"मुंबईहून नवीन रीळ आलंय. गोदाला घेऊन या दुपारच्या खेळाला."

गोदा म्हणजे हरिश्चंद्रची बायको. कुलसुम तिच्याबरोबर गेली आणि आल्यावर खाटेशी बसून सासूला म्हणाली, "त्या जागेला मी डोळे मिटले, अम्मा. नुसता ऐकला. म्हातारी काय्येक बोलत नाय, तरी सगळा समजतो."

"पैसे देऊन डोळे मिटलेस?" रहिमा हसली. हसता हसता खोकली.

कुलसुमचं बोट सवयीने बटणावर गेलं. मी बंदच होतो, तरी ते गेलं. तिथेच ते थांबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला खाटेजवळच्या फळीवर ठेवलं आणि चालू करून स्वतः दारात जाऊन बसली. "अस्सलाम आलेकुम" नाही, "आम्ही मजेत" नाही. मी पहिल्यांदाच काहीही न निवडता ऐकत होतो. रहिमाचा श्वास. खोकला, मग लांब थांबणं, इतकं लांब की मलाच भीती वाटली. फरशीवर तांब्या टेकल्याचा आवाज. दूरवरून अजान. खाडीवर वल्ह्याचं पाणी. आणि मग, "होडी आली काय गो?"

"नाय, अम्मा."

पुढे कॅसेटची बाजू संपेपर्यंत काही नाही. आजारी हा शब्द त्यात कुठेच नव्हता. कुलसुमने कॅसेट दुसऱ्या कप्प्यात उतरवली नाही. तशीच कुवेतला निघालेल्या मोहल्ल्यातल्या जैनुद्दीनच्या हाती पाठवली.

उत्तराची कॅसेट आली नाही. मी दोन्ही कप्पे रिकामे ठेवून वाट पाहिली. कुलसुम मला पुसायची आणि पुन्हा झाकायची.

एका दुपारी रहिमाने विचारलं, "होडी आली काय गो?" आणि दारातून पुरुषाचा आवाज आला, "आली, अम्मा."

रात्री जेवताना अहमद सांगत होता, "खोलीत आम्ही आठ जण. कॅसेट लावली तर काय्येक येईना. एक जण बोलला, कोरी हाय, दुसरी लाव. मी म्हटला, थांब. मग कुणीतरी उठून पंखा बंद केला."

मग ताट उचलून तो अम्माच्या खाटेशी जाऊन बसला.

रहिमा पावसाळाभर राहिली. अहमद तिच्या उशाशी होता. ती गेल्यानंतर तो परत निघाला आणि व्हिसाचे कागद जमल्यावर कुलसुमलाही त्याने नेलं. घराला कुलूप लागलं. चावी हरिश्चंद्रकडे आहे. तो कधीतरी येऊन खिडकी उघडतो, माझ्यावरची धूळ झटकतो आणि जातो. माझा पट्टा सैल झालाय. बटणं गंजलीत. ज्या आवाजांनी मला घर दिलं, त्यांतला एकही आता इथे नाही. दुपारी होडी येते. तिची चौकशी करणारं कुणी नाही.

त्या दुपारची ती कॅसेट अहमदने परत आणली होती. अजून माझ्या पहिल्या कप्प्यात आहे. उद्या कुणी मला दुरुस्त करील, चालवून बघील, आणि काही ऐकू येत नाही म्हणून तिच्यावर गाणी भरायला घेईल. त्याला एवढंच सांगायचंय. बाबा, ती कोरी नाही. आधी पंखा बंद कर.