शाळेसमोरच्या चपला

मी एक जुना चार इंची ब्रश आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगतो, रडगाणं गाणं माझ्या स्वभावात नाही. जाफराबादच्या राजानंद पेंटरच्या हातात मी कपाशीच्या बियाण्याच्या जाहिराती लिहिल्या. अक्षरं अशी ठसठशीत, की लोक एसटीतून माना वळवून वाचायचे. मग फ्लेक्स आला आणि मी पत्र्याच्या डब्यात पडलो. राग आला होता, खोटं कशाला बोलू?

मला बाहेर काढलं ते राजानंदच्या बायकोने, दैवशालाने. ती शाळेत पोरांची खिचडी शिजवते. शाळेसमोरचा रस्ता ओलांडताना तिला काळ्या-पिवळ्या जीपने उडवलं. पाय मोडला, तीन महिने खाटेवर गेले. ती उठली तेव्हा राजानंद म्हणाला, "आता घरीच ऱ्हाय. त्या रोडवर मी तुला जाऊ देत न्हाई."

"मंग खिचडी कोण शिजवंल? मी जाणार. भेव वाटत असंल तर रोडचं कायतरी करा. तुम्ही पेंटर ना?"

नगरपंचायतीची परवानगी घेऊन आम्ही पांढरे पट्टे मारले. कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. राजानंद म्हणाला, "आजवर बियाणं विकलं, आता थांबणं विकायचं. जाहिरात डोळ्यात भरली पाहिजे." मग पट्ट्यांवर आम्ही रांगोळी आणि लक्ष्मीची पावलं काढली. काय सांगू, गाड्या कचकन थांबू लागल्या! लक्ष्मीवर चाक कोण घालणार? मी तर फुगून गेलो.

दुसऱ्या दिवशी दैवशाला आली, पावलांपाशी थबकली आणि त्यांना वळसा घालून पुढून निघाली, जिथे गाड्या पुन्हा वेग घेत होत्या. बाकीच्या बायाही तिच्यामागे. एका रिक्षाचा आरसा तिच्या कोपराला लागला.

राजानंद धावला. "अगं, पावलांवरून चाल ना! तुझ्यासाठीच काढली."

"लक्ष्मीवर चप्पल ठेवू? बिलकुल न्हाई."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. चूक माझीही होती, पण चुकलं म्हणून डब्यात जाऊन बसणारा मी नाही.

रविवारी राजानंदने हात जोडून पावलांवर काळा रंग फिरवला. दैवशालाने आपली चप्पल पुढे केली. "हिला रंग लावा. माणसाच्या पायावर पाय ठेवायला कोणाला पाप लागत न्हाई." मी चपलेच्या तळाला पिवळा रंग फासला आणि ती एक पाय ओढत पार पलीकडे गेली. मग शाळेतली पोरं आली, भाजीवाली दुर्गाबाई आली. प्रत्येकाच्या ठशाजवळ मी नाव लिहिलं, तीच जुनी ठसठशीत अक्षरं.

सोमवारी दैवशाला रस्त्यावर उतरली. एकटी. समोरून भागवत ड्रायव्हरची काळी-पिवळी जीप भरधाव आली. राजानंदच्या मुठीत माझी दांडी करकरली. दैवशाला मागे सरली नाही, तिने फक्त हात वर केला. जीप पट्ट्यांच्या अलीकडे थांबली. भागवत खाली वाकून ठशाजवळचं नाव वाचू लागला.

"माय, ही तर माह्या आईची चप्पल!" दुर्गाबाई त्याची आई.

दैवशाला शांतपणे रस्ता ओलांडून खिचडी शिजवायला गेली.

मित्रांनो, टायरांनी ही नावं दोन महिन्यांत पुसट होतात. माझे केस झडलेत, तरी प्रत्येक वेळी मी ती पुन्हा लिहितो आणि लिहीतच राहणार. तुम्ही एवढंच करा. घरच्या गाडीवाल्यांना सांगा, पट्टे दिसले की थांबा. नाव वाचायची वाट बघू नका.