रात्री नऊची हिरवी ओळ

वाचनालयात नेटवर्कचं काम बघणारी ताई एकटीच. साठीला टेकलेले ग्रंथपालसाहेबसुद्धा तिला ताईच म्हणायचे. गुरुवारी सकाळी मात्र त्यांनी तिला बोलावलं तेच तणतणत.

"आज तिसरा दिवस! दार उघडावं तर देवघेवीचे सगळे संगणक मुके. नेटवर्कच्या पेटीचं बटण बंद. आज कितीला बंद झालं?"

"सहा चाळीसलाच," ताई पुटपुटली.

नेटवर्कमधल्या कुणी शिंकलं तरी वेळेसकट लिहून ठेवणारं सॉफ्टवेअर तिने मागच्याच आठवड्यात तळघरातल्या नव्या संगणकावर बसवलं होतं. तिला त्याचं कोण कौतुक! तिन्ही दिवशी त्याने लाल ओळ दाखवली होती: पेटी बंद, सकाळी सहा चाळीस. आणि त्या वेळी इमारतीत माणूस एकच, झाडलोट करणाऱ्या मावशी. पहिल्या दिवसापासून कुजबुज सुरू होती.

"झालं तर मग. उद्यापासून येऊ नका म्हणून दुपारी मीच सांगतो त्यांना," साहेब म्हणाले.

ताई जागेवर येऊन बसली, पण मन थाऱ्यावर नव्हतं. एकोणीस वर्षांत मावशींनी कुणाच्या टेबलावरचा कागदही इकडचा तिकडे केला नव्हता.

तिची एक खोड होती, तिच्या धंद्यातल्या बहुतेकांची असते: हिरव्या ओळी चाळणी लावून लपवून ठेवायच्या. लाल म्हणजे बिघाड, हिरवी म्हणजे सगळं ठीक, आणि ठीक चाललेल्याकडे बघायला वेळ कुणाला आहे? आज तिने ती चाळणी काढली. हिरव्या ओळी भसाभस पडद्यावर आल्या. त्यांत आजच्याच तारखेची एक होती: पेटी सुरू, रात्री नऊ वाजून पाच मिनिटं.

भिंतीवरच्या घड्याळात सकाळचे साडेदहा झाले होते. रात्र व्हायला अख्खा दिवस बाकी, आणि हा पठ्ठ्या नोंद करून मोकळा! पेटी तर तिने स्वतः सकाळी नऊ पाचला सुरू केली होती.

तिने कपाळावर हात मारला. नव्या संगणकाचं घड्याळ तिनेच लावलं होतं. सकाळचे सात वाजले होते, घाईत तिने एकोणीस टाकले. बरोबर बारा तास पुढे! म्हणजे पेटी बंद होत होती ती आदल्या संध्याकाळी.

गुपचूप घड्याळ नीट करून टाकावं, असं क्षणभर तिच्या मनात आलंही. मग स्वतःचीच लाज वाटली. ती उठली आणि मावशींना हाताला धरून साहेबांच्या खोलीत घेऊन गेली.

"साहेब, चूक माझी आहे. संगणकाचं घड्याळ मी बारा तास पुढे लावलं. पेटी संध्याकाळी सहा चाळीसला बंद होते. तेव्हा शेवटी कोण निघतं?"

"शेवटी तर मीच. सोमवारी वीजबचतीचं पत्रक आलं ना, तेव्हापासून जाताना एकूण एक बटणं बंद..." साहेबांचं वाक्य तिथेच अडकलं. मग ते असे हसत सुटले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "चोराच्या उलट्या बोंबा झाल्या की हो माझ्या! मावशी, माफ करा मला."

मावशी हसल्या नाहीत. हातातलं फडकं पिळत म्हणाल्या, "मला तर खरंच वाटायला लागलं होतं, साहेब. मशीन कशाला खोटं बोलेल? आज त्या बटणांसमोरून जाताना दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून गेले मी."

ताईने मावशींचे ओले हात आपल्या हातांत घेतले. "मावशी, चुकलं माझं."

"ते कळलं गं," मावशींना आता हसू फुटलं. "आता रोज संध्याकाळी साहेबांचे हात कोण धरणार, ते सांग!"