अकरा शेक

तांब्या टाकीच्या तळाला खर्रकन घासला. नांदेडात दवाखान्यामागच्या त्या भाड्याच्या खोलीत सकाळ झाली होती. महानंदा भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिची सासू गुरम्मा टाकीत निम्मी वाकून तळाचं पाणी काढत होती. आणि लातूरहून सोबतीला आलेली महानंदेची धाकटी बहीण शिवलीला आपल्या सहा वर्षांच्या नीलगंगेची वेणी घालता घालता मनाशी मोजत होती. आज अकरावा. पंचविसांतला अकरावा शेक.

"टँकर आज बी येत न्हाई म्हणं," गुरम्मा कमर धरून उभी राहिली. "महानंदे, तुला न्हायची बंदी हाय ते एक बरं झालं. तुझ्या वाटणीचं पाणी आमच्या चहाला."

महानंदा भिंतीकडं तोंड ठेवूनच हसली. किरणांचा शेक कुठं द्यायचा त्याच्या जांभळ्या रेघा तिच्या छातीवर मारल्या होत्या. त्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून तिथं पाणी लावायचं नव्हतं. रेघांच्या आतली कातडी आता सुकल्या चिंचेसारखी काळवंडली होती.

ओट्यावरून घरमालक मडिवाळप्पांनी पेपर फडकवला. "गुरम्मा, उदगीर जिल्हा करा म्हणून पुन्हा मोर्चा निघालाय. तुमचं गाव नव्या जिल्ह्यात जाणार बघा!"

"जाऊ द्या की. जुन्या जिल्ह्यात जुने नळ कोरडे, नव्यात नवे कोरडे."

नीलगंगा खुदकन हसली. शिवलीलेला हसू आलं नाही. सोळा दिवस झाले, तिला धड हसू येत नव्हतं की धड जेवण जात नव्हतं.

सोळा दिवसांपूर्वी पडद्याआड महानंदेच्या अंगावर रेघा मारणं चाललं होतं. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी शिवलीलेला नि गुरम्माला समोर बसवून घेतलं. नीलगंगा मांडीवर होती. बाईंनी कागदावर घराण्याचं चित्र काढायला घेतलं. बायांना गोल, पुरुषांना चौकोन.

"एकतीस म्हणजे फारच लहान वय हो. माहेरी कुणाला होता का कॅन्सर? लहानपणी, तरुणपणी कुणी गेलं?"

शिवलीलेनं जराही न अडखळता सांगितलं, "एक भाऊ होता. विहिरीत पडून गेला. मावशी बाळंतपणात गेली. बाकी काही नाही."

ते तिच्या तोंडातून आपोआप आलं. वीस वर्षं हेच तर सांगत आले होते सगळे. गुरुलिंग चौदाव्या वर्षी मांडीच्या हाडाच्या कॅन्सरनं गेला. हैदराबादहून आणला तो थेट शेतात पुरला. मावशी तिशीतच छातीच्या गाठीनं गेली. पण घरात लग्न व्हायच्या दोन मुली. खरं सांगितलं तर कोण दारात उभं करणार? मग बारा वर्षांपूर्वी महानंदेच्या सोयरिकीला ह्याच गुरम्मानं विचारलं होतं, घराण्यात काही न्हाई ना? तेव्हा आई कमलम्मानं गळ्यातलं इष्टलिंग शपथेला तळहातावर घेतलं आणि सांगितलं, काही नाही.

लिंग हातात घेऊन बोललेलं खोटं. त्याच्यावर दोन्ही मुलींचे संसार उभे होते.

डॉक्टरीणबाईंनी भावाच्या चौकोनावर काट मारली. "नाही ना? बरं झालं. कशासाठी विचारते सांगू? ही किरणं पेशीच्या आतला धागा तोडतात. गाठीच्या पेशी त्यानं मरतात. शेजारच्या चांगल्या पेशींचाही धागा तुटतो, पण त्यांच्यात एक राखणदार असतो. तो काम थांबवतो, धागा सांधून घेतो. नाहीच सांधला तर ती पेशी मरू देतो. काही घराण्यांत हा राखणदारच आईबापाकडून बिघडलेला येतो. मग तुटलेली पेशी तशीच वाढत राहते, आणि किरणं दिली त्याच जागी काही वर्षांनी दुसरी गाठ येऊ शकते. अशा घरातली बाई असली तर आधी आम्ही रक्त तपासतो. किरणं टाळता आली तर टाळतो, दुसरी वाट बघतो."

शिवलीलेच्या कानात गरम तेल पडल्यासारखं झालं. आत्ता बोलावं. आत्ताच. पण शेजारी गुरम्मा पदर तोंडाला लावून ऐकत होती. शिवलीलेनं नीलगंगेला उगीचच आवळून धरलं आणि मान हलवली.

उद्या एकटं गाठून सांगू, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी बाईंच्या दारात रांग होती. तिसऱ्या दिवशी गुरम्मा सोबत होती. मग पहिला शेक झाला, दुसरा झाला. आणि प्रत्येक शेकागणिक सांगणं अवघड होत गेलं. आज सांगितलं तर काल का नाही, ह्याचं काय सांगायचं? आईला फोन केला तर ती म्हणाली, "आता झालं ते झालं. माझी शपथ उघड्यावर टाकू नको, बाई."

अकराव्या शेकाला महानंदा आत गेली. जाड दार बंद झालं, वर लाल दिवा लागला. बाकावर तिघी बसल्या. गुरम्मानं पदराच्या शेवाला अकरावी गाठ मारली. तिला आकडे राहत नसत, गाठी राहत.

"शिवलीले," ती दाराकडं बघत म्हणाली, "काल रात्रभर कण्हत व्हतं लेकरू. त्या डॉक्टरणीला इचार की, उरलेले चौदा माझ्या अंगावर मारता येतात का. माझी जून कातडी हाय, मला काय व्हतंय?"

ती चेष्टा करत नव्हती. खरोखर विचारत होती.

शिवलीलेनं तिचा हात धरला आणि जमिनीकडं बघत सगळं सांगून टाकलं. गुरुलिंग, मावशी, हैदराबाद, आईची शपथ, बाईंनी समजावलेला राखणदार. शेवटी आवाज इतका बारीक झाला की गुरम्माला कान जवळ आणावा लागला. आता ही हात झिडकारेल, आईच्या नावानं बोटं मोडेल, दवाखाना डोक्यावर घेईल. शिवलीला वाट बघत राहिली.

"आगं मग बसलीस काय!" गुरम्मा ताडकन उठली. "ऊठ की! डॉक्टरीण जेवायला गेली म्हंजे? शपथेचं मागून बघू. माझ्या सुनेचं अंग हाय ते!"

चप्पल न घालताच ती बाईंच्या खोलीकडं पळाली. जिच्या धाकानं सोळा दिवस तोंड शिवून घेतलं होतं, तिला कळायला आणि उठायला एक क्षणसुद्धा लागला नव्हता. शिवलीलेला धरणी दुभंगली तर बरं असं झालं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. तेही सोसणं कठीण होतं. जुनाच कागद काढून त्यांनी काट मारलेल्या चौकोनाशेजारी नीट लिहिलं, हाड, चौदा वर्षे. "उद्यापासून थांबवू. आजच रक्त घेऊ, अहवालाला काही आठवडे लागतील. कदाचित दोष निघणारही नाही." मग हलकेच म्हणाल्या, "झालेले अकरा मात्र परत घेता येत नाहीत."

लाल दिवा विझला होता. महानंदा पदर सावरत बाहेर आली. सासू अनवाणी, डॉक्टरीणबाई दारात, बहिणीचे डोळे सुजलेले. ती भिंतीला टेकली. "काय झालं गं?"

शिवलीलेनं तिला बाकावर बसवून सांगितलं. पुन्हा सगळं, पहिल्या दिवसापासून. महानंदेचा हात छातीवरच्या रेघांकडं गेला आणि मध्येच थांबला.

नीलगंगा इतका वेळ आईच्या गुडघ्याला टेकून ऐकत होती. तिनं महानंदामावशीकडं पाहिलं, मग आईकडं.

"पण आई, त्या दिवशी बाईंनी विचारलं तेव्हाच का नाही सांगितलंस?"

महानंदेनंही मान वर केली. ती बहिणीकडं बघत होती, उत्तराची वाट बघत.