ताईचं नवं रक्त

श्वास रोखून तिने सूक्ष्मदर्शकाचं चाक जरासं फिरवलं. काचेच्या बशीत रक्तवाहिनीच्या अस्तराच्या चपट्या पेशी एकमेकींना बिलगून होत्या. त्यांतली एक फुगली, गोल झाली आणि शेजारणींचा हात सोडून अलगद बाजूला झाली. थोड्या वेळाने दुसरी. रक्ताची मूळपेशी अशी वाहिनीच्या भिंतीतूनच जन्माला येते, हे तिने उंदराच्या गर्भात पाहिलं होतं. बशीत ते घडवण्यासाठी मात्र उमेदीची सगळी वर्षं घातली होती. सकाळी दवाखान्यात मूळपेशींचा दाता न मिळालेला एखादा रोगी हातातून जाई, आणि दुपारी ती इथे येऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी.

"झालं!" ती मोठ्याने म्हणाली.

रविवारची दुपार होती. प्रयोगशाळेत शीतकपाटांच्या घरघरीशिवाय कोणी नव्हतं. बातमी पोटात मावेना म्हणून तिने फोन हातात घेतला; कोणाला लावावा तेच सुचेना. सहकारी आधी पुरावा मागतील. आई असती तर काही न कळताही हरखली असती.

शेवटी तिने ताईला लावला. दोघींचं बोलणं आईच्या आजारपणात तुटलं होतं. ताईने एकटीने सगळं निभावलं. हिच्या बशीतल्या पेशींना सुट्टी नसायची. पुढे ताईच्या रक्तानेच दगा दिला, तेव्हा जुळल्या त्या हिच्याच मूळपेशी. हिने मुकाट्याने दंड पुढे केला. ताई बरी झाली, तिच्या डॉक्टरांकरवी आभार पोचले, आणि पुन्हा सामसूम.

फोन चक्क उचलला गेला.

"बरं झालं केलास," कालच बोलणं झाल्यासारखी ताई म्हणाली. "शेंगदाणे खाल्ले की ओठ सुजतायत माझे. या वयात! लहानपणी तुला व्हायचं ना, अगदी तसंच."

"मला अजूनही होतं. ते माझ्याकडूनच आलंय, ताई. तुझं रक्त आता माझ्याच पेशी बनवतात ना! दाणे बंद कर, आणि उद्याच तुझ्या डॉक्टरांना दाखव."

"अगं बाई! म्हणजे दिलंस ते खोडीसकट दिलंस?"

ताई खदखदून हसली. हिलाही हसू फुटलं; मनगटाने डोळ्यांच्या कडा टिपाव्या लागल्या. बशीतली बातमी सांगायची राहूनच गेली.

"ये की एकदा," ताई म्हणाली. "पुढच्या रविवारी ये."

"येते." मग ती अडखळली. "ताई... पत्ता काय तुझा?"

ताईने घर बदललंय, एवढंच तिच्या कानावर आलं होतं. ताई सांगू लागली. आवाज उतरला होता. चौक, गल्ली, मजला, एकेक शब्द सुटा, परक्या माणसाला सांगावा तसा.

तिने तो हातमोज्यावरच लिहून घेतला. सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं.

तरी ती म्हणाली, "पुन्हा सांग."