दुखवट्याचा कॉल

युक्काची आई गेली हे माधुरीला ईमेलमधून कळलं. एकच ओळ: ‘माझी आई वारली, गुरुवारी कामावर येतो.’ गुरुवारी तो खरंच आला आणि कुठला कंटेनर कुठल्या बंदरात अडकलाय ते सांगायला लागला. कॉलवर त्याच्या आईबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. भांडुपच्या घरी लॅपटॉपसमोर बसलेल्या माधुरीला हे पटेना. अरे, माणूस गेलंय की छत्री हरवलीय?

माधुरी आणि फिनलंडचा युक्का एका जहाज कंपनीसाठी सात वर्षं एकत्र काम करत होते. प्रत्यक्ष भेट एकदाही नाही. तो मोजून मापून बोलणारा, ही अघळपघळ. तिची चूक वरच्यांच्या नजरेला पडायच्या आधी तो गुपचूप दुरुस्त करायचा. त्याच्या कोरड्या ईमेलवर गिऱ्हाईक भडकलं की ही फोन करून थंड करायची. बाकीची माणसं बदलत गेली, ही जोडी टिकली. माधुरीला त्याचा भावासारखा आधार वाटायचा. तसं तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं, एवढंच.

म्हणून ती भेटायला गेली. म्हणजे तिनं व्हिडिओ कॉल लावला, तोही न विचारता. सुखाला बोलावणं लागतं, दुःखाला लागत नाही, हे तिच्या कणकवलीच्या आईनं तिला लहानपणीच शिकवलं होतं. आणि अशा घरी बसल्यावर जे विचारतात तेच तिनं विचारलं. काय झालं? कधीपासून आजारी होत्या? शेवटी काही खाल्लं होतं का? जवळ कोण होतं?

"हॉस्पिटलमध्ये गेली," युक्का म्हणाला. "हृदय." शेवटच्या प्रश्नाला मात्र त्यानं मान खाली घातली. मग निरोप न घेता माधुरीनं कॉल बंद केला, कारण दुःखाच्या घरातून ‘येते’ म्हणून निघत नाहीत.

दुसऱ्या दिवशी अंधेरीच्या ऑफिसातून दिशाचा फोन आला. दिशा वयानं लहान, पण हुद्द्यानं माधुरीची बॉस.

"माधुरीताई, वाट लागली. युक्कानं दुसरी टीम मागितलीय. सोमवारपासून तो नाहीये आपल्याकडे."

"का गं? मी तर भेटून आले त्याला."

"तेच तर! मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, माधुरीनं प्रश्न विचारले आणि बाय न म्हणता फोन कापला. ताई, तिकडे लोक दुःखात एकटे राहतात. आपण असं दार ढकलून आत नाही ना शिरायचं."

माधुरीला आधी राग आला. एकटे राहतात म्हणे! मग सोमवारपासून युक्का नाही हे डोक्यात शिरलं आणि तिला रडूच फुटलं. संध्याकाळी तिनं त्याला लिहिलं, ‘माफी मागायचीय. कॉल करू का?’ या वेळी विचारून. बऱ्याच वेळानं ‘हो’ आलं.

तिनं सगळं सांगितलं. आमच्याकडे का विचारतात, निरोप का घेत नाहीत. युक्कानं मध्ये एकदाही न बोलता ऐकून घेतलं.

"तुझं काही चुकलं नाही," तो म्हणाला. "तू विचारलंस, जवळ कोण होतं. कुणीच नव्हतं. हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा मी तुझ्याबरोबर मीटिंगमध्ये होतो. आमच्याकडे मीटिंगमध्ये फोन घेत नाहीत. बोलणाऱ्याला तोडत नाहीत. तू बोलत होतीस. मला वाटलं, संपेल आता. मी पोचेपर्यंत ती गेली होती."

माधुरीला ती मीटिंग आठवली. काम कधीच संपलं होतं. टीममधल्या सौरभच्या साखरपुड्याचे फोटो ती एकेक करून दाखवत होती. ही विहीणबाई, हा शालू, हे जेवण. इथं कुणाचाही फोन वाजला असता तर तो ‘एक मिनिट हां’ म्हणून उठला असता आणि तिला त्याचं काही वाटलंही नसतं.

"अरे, माका गप रव म्हणान सांगूचा नाय?" तिच्या तोंडून मालवणीच निघालं. मग ‘मला गप्प बस म्हणून सांगायचं नाही का’ हे तिनं इंग्रजीत सांगितलं.

"ते मला जमत नाही," युक्का म्हणाला. "आता तुझा चेहरा दिसला की ते फोटो दिसतात. म्हणून दुसरी टीम मागितली."

डोळे पुसायचंही माधुरीला सुचेना. कॉल कुणीच बंद केला नाही.

"तुमच्याकडे लोक येतात," बऱ्याच वेळानं युक्कानं विचारलं, "ते किती वेळ बसतात?"

"असं ठरलेलं नसतं. घरचं माणूस एकदा पहिल्यापासून सगळं सांगून मोकळं होईपर्यंत."

युक्कानं खुर्ची पुढे ओढली.

"मग बस," तो म्हणाला. "शनिवारी सकाळी तिचा फोन आला. म्हणाली, छातीत जरा जड वाटतंय."