तपकिरी टोक

मित्रांनो, मी एक जुनं गिरमिट आहे. सुताराचं नव्हे, गोठलेल्या समुद्राचा बर्फ भेदणारं, पोकळ, माणसाएवढं उंच. सध्या माझा मुक्काम समुद्राच्या तळाशी, काळोखात आहे. इथं कसा आलो, तेच सांगतो.

एका परदेशी कारखान्यात मला दात फुटले आणि जहाजाने मी उत्तर ध्रुवाजवळ, उलायुकच्या गावी आलो. उलायुक ही तिथली बाई शेवाळाचा अभ्यास करी. वसंतात बर्फाच्या पोटाला खालून शेवाळ धरतं. माझ्या नळीतून बर्फाचा दांडा निघाला, की त्याचं खालचं टोक चहासारखं तपकिरी असे. ते शेवाळ बारीक झिंगे खातात, झिंग्यांना मासे, माशांना सील, आणि सील खाऊन आमचं गाव जगतं. उलायुकचे वडील इनुकी शिकारी होते. ते आधी त्या टोकाला जीभ लावीत. "धरून आहे. करा काम," म्हणत. परतल्यावर मला सीलच्या तेलाने पुसत. तेव्हा माझा भाव फार वधारलेला होता.

मग इनुकी खोकल्याने गेले. उलायुकचं कामातलं मन उडालं आणि मी छपरीत गंजत पडलो. माझी कुणाला आठवणही येत नसे, याचं फार वाईट वाटे.

पुढे तिला मुलगा झाला. त्याला तिने वडिलांचं नाव दिलं. आमच्याकडे ज्याचं नाव, त्याचंच नातं. ती त्याला 'बाबा' म्हणे, तो तिला 'पोरी'. अशा मुलाला कुणी रागवत नाही.

तो चालू-बोलू लागल्यावर मी पुन्हा बाहेर निघालो. कुत्र्यांच्या गाडीवर उलायुक, तिचा धाकटा भाऊ कुपाक आणि कातड्यात गुंडाळलेले 'बाबा' होते. किनारा दूर राहिला. पहिल्या भोकातून टोक पांढरं आलं. दुसऱ्यातूनही पांढरंच. एरवी खालून सीलनी बर्फ खरवडल्याचा आवाज येतो, त्या दिवशी काहीच येत नव्हतं. मला खाली जायची भीती वाटू लागली.

"वर हिम जास्त साचलंय, ऊन पोचलं नसेल," उलायुक म्हणाली. "आणखी पुढे एक भोक पाडू."

तिसऱ्या भोकात मी अडकून बसलो. तेवढ्यात मूल कातड्यातून बाहेर आलं आणि गाडीवर ठेवलेल्या मघाच्या दांड्याच्या टोकाला त्याने जीभ लावली. हे त्याला कुणीही शिकवलं नव्हतं.

"पोरी, सोडून गेलंय. घरी चल."

कुपाक हसला. "घ्या. ताई, शेवाळ शिकलीस तू, की हे? बाबांना दूध हवं असेल."

उलायुकचा चेहरा उतरला होता. "दात काढू नकोस. बाबांनी सांगितलंय ना? गाडी वळव."

"आणि गिरमिट?"

"राहू दे ते."

कुत्री धावली. ती किनाऱ्याला लागतात न लागतात तोच माझ्याभोवतीचा बर्फ उसासा टाकून फाटला. तो खालून कुजला होता. बर्फ पोटाकडून वितळू लागला, की शेवाळ आधी हात सोडतं.

मित्रांनो, टाकून दिल्याचा मला राग नाही. हत्यारं जपा, पण माणसांहून जास्त नको. सुटलेलं शेवाळ तपकिरी चुऱ्यासारखं इथं माझ्यावर पडतं आणि शिंपले ते खातात. त्यावरूनच मला वरचं कळतं.

यंदा चुरा फार लवकर पडू लागलाय. आणि वर बर्फावर पावलं वाजतायत. मला हाक मारता येत नाही. तुम्ही मारा.